पाणी आणि मद्यार्क यांचे विलगीकरण : अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडची शक्यता आणि मर्यादा

१. प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या वर्गात विलगीकरणाच्या पद्धती शिकवताना पाणी आणि मद्यार्क यांचे उदाहरण हटकून येते. दोघांचे उत्कलनबिंदू वेगळे, म्हणून ऊर्ध्वपातनाने दोघे वेगळे होतात, असे आपण सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. हे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. प्रत्यक्षात हे मिश्रण रसायन-अभियांत्रिकीतील सर्वांत चिवट मिश्रणांपैकी एक असून ते स्वस्तात आणि पूर्णपणे वेगळे कसे करावे, या प्रश्नाने अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांना कामाला लावले आहे.

'मद्यार्क' या शब्दातील 'अर्क' अरबी 'अरक' म्हणजे घाम या शब्दावरून आला. भांड्याच्या थंड झाकणावर जमणाऱ्या थेंबांना ते नाव किती शोभते, हे ज्याने ऊर्ध्वपातन पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. 'अल्कोहोल' हा शब्दही अरबी 'अल्-कुह्ल' वरून, म्हणजे डोळ्यांत घालावयाच्या अत्यंत बारीक पुडीच्या नावावरून, युरोपीय भाषांत गेला. बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचे सूक्ष्म सार आणि अखेर मद्याचे सार, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला.

प्रस्तुत लेखात या जुन्या प्रश्नावरील एका तुलनेने नव्या उत्तराचा परिचय करून द्यावयाचा आहे. उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वायू विद्रावक म्हणून वापरून पाण्यातून मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, काढून घेणे हे ते उत्तर होय. १९८० च्या दशकात या पद्धतीवर अनेक देशांत संशोधन झाले. स्वस्त, बिनविषारी, न पेटणारा आणि किण्वनाच्या टाकीतून आयताच मिळणारा वायू विद्रावक म्हणून वापरता आला तर आणखी काय हवे, असे वाटणे स्वाभाविक होते. तरीही आज इंधनासाठी इथेनॉल करणारे कारखाने ही पद्धत वापरत नाहीत. असे का, हा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. त्याचे उत्तर आकड्यांनिशी देता यावे, हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

२. ऊर्ध्वपातन कोठे अडते?

मळीच्या किंवा धान्याच्या किण्वनातून मिळणाऱ्या द्रवात, ज्याला आसवनीत 'वॉश' म्हणतात, इथेनॉलचे प्रमाण साधारणपणे ८ ते १२ टक्के असते. त्यापुढे यीस्टलाच ते सोसवत नाही. म्हणजे दहा भागांतील नऊ भाग पाणीच असते. हा द्रव उकळला की वाफेत इथेनॉलचे प्रमाण द्रवापेक्षा अधिक असते. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की ते आणखी वाढते. ऊर्ध्वपातन स्तंभात हीच क्रिया तबकामागून तबकात घडत जाते.

परंतु इथेनॉलचे वजनी प्रमाण ९५.६ टक्के झाले की ही वाढ थांबते. या मिश्रणातून निघणाऱ्या वाफेचे घटक-प्रमाण द्रवाइतकेच असते. ते ७८.२ अंश सेल्सिअसला उकळते. शुद्ध इथेनॉल ७८.४ अंशांना. अशा मिश्रणास स्थिरक्वथनी मिश्रण किंवा ॲझिओट्रोप म्हणतात. स्तंभाची उंची कितीही वाढवली तरी वातावरणीय दाबाला ही भिंत ओलांडता येत नाही. राउल्टच्या नियमापासून होणाऱ्या धन विचलनाचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय.

औषधनिर्मितीत व प्रयोगशाळेत निर्जल इथेनॉल लागते, आणि पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तर ते मोठ्या प्रमाणावर लागते. पाण्याचा अंश राहिला तर पेट्रोल व जलीय थर वेगळे होण्याचा धोका असतो. आपल्या भागाशी या विषयाचा जवळचा संबंध आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग भारतात २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातील होती; तिसरे उत्तर प्रदेशातील बरेली. पुढे २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या ऊसपट्ट्यातील आपले कित्येक विद्यार्थी उद्या अशाच आसवनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत असतील.

ही भिंत ओलांडण्याचे मार्ग जुने आहेत. १९०२ मध्ये सिडनी यंग यांनी मिश्रणात बेंझीन घालून पुन्हा ऊर्ध्वपातन केले. बेंझीन पाण्याला सोबत घेऊन वाफेबरोबर निघून जाते आणि खाली निर्जल इथेनॉल उरते. पुढे बेंझीन कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याची जागा सायक्लोहेक्झेनने घेतली. आज इंधन-इथेनॉलच्या कारखान्यांत प्रामुख्याने 'मॉलेक्युलर सीव्ह' म्हणजे रेणूंची चाळण वापरतात. या झिओलाइटची छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा रेणू त्यात शिरतो, इथेनॉलचा सुमारे ४.४ अँगस्ट्रॉमचा रेणू बाहेरच राहतो.

म्हणजे निर्जलीकरणाचा खर्च दोन टप्प्यांत विभागला जातो. दहा टक्क्यांपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी भरपूर वाफ आणि शेवटच्या चार-पाच टक्के पाण्यासाठी वेगळी योजना. हे दोन्ही टप्पे एकाच झेपेत, तेही न उकळता, ओलांडता येतील का, या आशेपोटी संशोधक कार्बन डायऑक्साइडकडे वळले.

३. अतिक्रांतिक अवस्था म्हणजे काय?

१८२२ मध्ये फ्रान्समधील शार्ल कान्यार द ला तूर यांनी तोफेच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीची गोळी घालून ती तापवली. नळी हलवली की द्रवात गोळी फिरल्याचा आवाज येई. एका विशिष्ट तापमानानंतर तो आवाज बदलला. आत द्रव आणि वाफ यांना वेगळे करणारा पृष्ठभागच उरला नव्हता. पुढे १८६९ मध्ये बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर काटेकोर प्रयोग करून या घटनेला 'क्रांतिक बिंदू' ही संकल्पना दिली. हा वायू ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, हे त्यांनी दाखवले. त्यांचा आकडा ३०.९२ अंश होता. आजचा स्वीकृत आकडा ३१ अंशांच्या किंचित वर असून क्रांतिक दाब सुमारे ७३.८ बार आहे. एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण. घरगुती प्रेशर कुकरमधील एकूण दाब सुमारे २ बार असतो, यावरून ७४ बारची कल्पना यावी.

क्रांतिक तापमान व क्रांतिक दाब या दोन्हींच्या वर असलेल्या पदार्थास अतिक्रांतिक द्रायू म्हणतात. द्रव आणि वायू यांना मिळून 'द्रायू' हा शब्द आपल्या परिभाषेत रूढ आहे, आणि येथे तो अगदी चपखल बसतो. या पदार्थाची घनता द्रवाजवळ जाणारी असते, तर श्यानता वायूसारखी कमी असते. त्यामुळे तो पदार्थ विरघळवू शकतो आणि सहज झिरपूही शकतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्याची घनता दाबाच्या लहानशा बदलाने मोठ्या प्रमाणात बदलते. ४० अंशांना ६० बार दाबाखाली कार्बन डायऑक्साइडची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ०.१५ ग्रॅम असते. दाब १०० बार केला की ती सुमारे ०.६३ ग्रॅम होते. दाब दुप्पटही झाला नाही, घनता मात्र चौपट झाली. विरघळवण्याची क्षमता घनतेवर अवलंबून असल्याने, जणू तोटी फिरवावी तशी ही क्षमता कमी-जास्त करता येते.

अतिक्रांतिक द्रायूत घन पदार्थ विरघळतात हे १८७९ मध्ये ग्लासगोच्या हॅने आणि होगार्थ यांनी दाखवले. योगायोग असा की त्यांनी विद्रावक म्हणून वापरलेला द्रायू इथेनॉल होता. औद्योगिक उपयोगाचे श्रेय मात्र जर्मनीतील म्यूलहाइम येथील माक्स प्लांक संस्थेतील कुर्ट झोझेल यांच्याकडे जाते. १९६० च्या दशकात त्यांनी या तत्त्वावर विलगीकरणाच्या पद्धती विकसित केल्या आणि त्यांतून कॉफीच्या बियांमधील कॅफीन काढण्याचा उद्योग उभा राहिला. कॉफीतील यश पाहून हेच तंत्र इथेनॉलला लावण्याची कल्पना पुढे आली.

४. कार्बन डायऑक्साइड इथेनॉल घेतो, पाणी का घेत नाही?

कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असून त्याचे द्विध्रुव परिबल शून्य असते. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात. त्या गोतावळ्यातून बाहेर पडून ध्रुवहीन वायूत मिसळणे पाण्याला परवडत नाही. ४० अंश व १०० बार या स्थितीत कार्बन डायऑक्साइडमध्ये वजनाने जेमतेम ०.२ टक्के पाणी विरघळते. इथेनॉलला मात्र दोन बाजू आहेत. त्याचा हायड्रॉक्सिल गट पाण्याशी नाते सांगतो आणि इथिल गट ध्रुवहीन द्रायूशी. पाणी नसेल तर ४० अंशांना सुमारे ८० बारच्या वर इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात.

यावरून पद्धतीचे तत्त्व स्पष्ट होते. वॉश व दाबाखालील कार्बन डायऑक्साइड एकत्र आणले की दोन प्रावस्था तयार होतात. खाली पाण्याची, वर द्रायूची. इथेनॉल दोघांत वाटले जाते, पाणी बहुतांशी खालीच राहते. या वाटणीचे माप म्हणजे वितरण गुणांक, अर्थात वरच्या प्रावस्थेतील इथेनॉलचे प्रमाण भागिले खालच्या प्रावस्थेतील प्रमाण.

येथेच पहिली अडचण उभी राहते. इथेनॉल एकटे असताना कार्बन डायऑक्साइडशी पूर्ण एकजीव होते, म्हणून पाण्यातूनही ते धावत येईल अशी आपली समजूत होते. पण सौम्य द्रावणात इथेनॉलचा प्रत्येक रेणू पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो आणि हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो. परिणामी वितरण गुणांक वजनी प्रमाणात ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. वॉशमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर द्रायूत फार तर १ टक्का उतरते. या लेखाचे सारे मर्म या एका आकड्यात आहे.

५. यंत्रणेची रचना

प्रत्यक्ष यंत्रणेत एक उंच, जाड भिंतीचा स्तंभ असतो. त्यात भरणसामग्री असते. वॉश वरून सोडतात, कार्बन डायऑक्साइड खालून. दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जात असताना इथेनॉल द्रायूत जाते. स्तंभाच्या तळातून जवळजवळ इथेनॉलरहित पाणी निघते, माथ्यातून इथेनॉल घेतलेला द्रायू. यास प्रतिप्रवाही निष्कर्षण म्हणतात.

यानंतर द्रायूतून इथेनॉल सोडवून घ्यावे लागते. कॉफीच्या बाबतीत हे सोपे असते. कॅफीन हा घन आणि सहजी न उडणारा पदार्थ असल्याने द्रायूतून त्याला वेगळा करून पाण्यात किंवा सक्रिय कोळशावर उतरवून घेता येते. इथेनॉल मात्र स्वतःच बाष्पनशील आहे. दाब ६० बारपर्यंत उतरवला तरी त्याचा बराच भाग वायूबरोबर तरंगत राहतो. म्हणून दाब थोडा उतरवून मिश्रण दुसऱ्या स्तंभात न्यावे लागते. तेथे कार्बन डायऑक्साइड उकळून वर जातो व इथेनॉल तळाशी गोळा होते. वर गेलेला वायू काँप्रेसरमध्ये दाबला की तापतो. ती उष्णता त्याच स्तंभाच्या तळाला देता येते आणि वायू पुन्हा पहिल्या स्तंभाकडे जातो. उष्णता-पंपाचे हे सुंदर उदाहरण आहे. विद्यार्थ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. ऊर्ध्वपातन टाळण्यासाठी निघालेली ही पद्धत दुसऱ्या एका ऊर्ध्वपातनापाशीच येऊन पोहोचते.

६. एक ढोबळ हिशेब

वर्गात फळ्यावर मांडता येईल असा हिशेब करू. १,००० किलो वॉश घेतला व त्यात १० टक्के, म्हणजे १०० किलो इथेनॉल आहे. वितरण गुणांक ०.१ धरला तर द्रायूत जास्तीत जास्त १ टक्का इथेनॉल येईल. म्हणून १०० किलो इथेनॉल वाहून नेण्यास किमान १०,००० किलो कार्बन डायऑक्साइड हवा. किमान प्रवाहावर स्तंभ चालवायचा तर त्याची उंची अमर्याद वाढते. म्हणून दीडपट, म्हणजे १५,००० किलो धरू. एक किलो इथेनॉलसाठी दीडशे किलो वायू फिरवावा लागला.

आता शुद्धता पाहू. १५,००० किलो वायू ०.२ टक्के दराने सुमारे ३० किलो पाणीही सोबत नेतो. इथेनॉल सोबत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिकच. म्हणजे हाती येणारे मिश्रण तीन-चतुर्थांशाच्या आसपास इथेनॉल असलेले असेल. दहा टक्क्यांवरून एका झेपेत पंचाहत्तर टक्के, ही कामगिरी लहान नाही. पण ते निर्जल इथेनॉल नव्हे.

ऊर्जेचे गणित असे. वायू ६० बारवरून १०० बारपर्यंत दाबण्यास किलोमागे ढोबळमानाने २० किलोज्यूल काम लागते असे धरले, तर १५,००० किलोसाठी ३०० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ८३ युनिट वीज लागेल. औष्णिक केंद्रात इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. म्हणून मूळ इंधनाचा हिशेब ९०० मेगाज्यूलवर जातो. १०० किलो इथेनॉल जाळल्यावर मिळणारी उष्णता सुमारे २,६८० मेगाज्यूल. म्हणजे मिळणाऱ्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा केवळ वायू फिरवण्यात खर्च होतो, आणि तरीही निर्जलीकरण बाकीच राहते.

याउलट आधुनिक आसवनीत एका स्तंभाच्या वाफेची उष्णता दुसऱ्या स्तंभाला देऊन तीच उष्णता दोनदा-तीनदा वापरतात. साखर कारखान्याला लागून असलेल्या आसवनीत ती वाफ उसाच्या चिपाडावर तयार होते. स्वस्त वाफेच्या जागी महाग वीज वापरणे कोणत्याही व्यवस्थापकाला पटणारे नाही.

भांडवली खर्चही विसरून चालणार नाही. १०० बारचा दाब सोसणारा एक मीटर व्यासाचा स्तंभ घेतला व पोलादावरील सुरक्षित ताण १२० मेगापास्कल धरला, तर भिंतीची जाडी चार सेंटीमीटरहून अधिक येते. शिवाय दाबाखालील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून त्याचा सामू ३ च्या आसपास जातो. साधे पोलाद तेथे टिकत नाही, स्टेनलेस स्टील लागते.

"हा वायू तर किण्वनातून फुकट मिळतो ना?" असे विद्यार्थी विचारतील. समीकरण पाहिले तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे जवळजवळ समसमान. वायू फुकट मिळतो हे खरेच. खर्च त्याच्या खरेदीचा नसून त्याला दाबण्याचा व फिरवण्याचा आहे. कोणत्याही 'फुकट' कच्च्या मालाबाबत हा भेद शिकवण्यासारखा आहे.

७. ॲझिओट्रोपची भिंत ओलांडता येते का?

या प्रश्नावर १९८० च्या दशकातील निष्कर्षांत बराच मतभेद दिसत होता. त्याचे कारण प्रावस्था-आलेख समजून घेतला की स्पष्ट होते.

समजा तापमान ४० अंश व दाब १०० बार आहे. या स्थितीत इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड पूर्ण एकजीव होतात, हे आपण पाहिले. त्यामुळे मिश्रणात इथेनॉल वाढत गेले की दोन प्रावस्था एकमेकींसारख्या होत जातात व एका टप्प्यावर त्यांतील भेदच नाहीसा होतो. दोन प्रावस्थाच नसतील तर विलगीकरण कसले? म्हणून या स्थितीत इथेनॉलची शुद्धता एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. अर्क पुन्हा स्तंभात सोडण्याची रिफ्लक्सची युक्तीही त्यापुढे कामी येत नाही.

आता तापमान ६० अंश करू, दाब १०० बारच ठेवू. या तापमानाला इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड एकजीव होण्यासाठी १०० बारपेक्षा थोडा अधिक दाब लागतो. म्हणून पाणी संपत आले तरी दोन प्रावस्था टिकून राहतात आणि ॲझिओट्रोपच्या पलीकडे जाण्याची वाट खुली राहते. हांबुर्ग-हारबुर्ग येथील तांत्रिक विद्यापीठात गेर्ड ब्रुनर यांच्या गटाने प्रतिप्रवाही स्तंभात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांपैकी बुडिख व ब्रुनर यांचे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु या वाटेलाही किंमत आहे. ६० अंश व १०० बार या स्थितीत कार्बन डायऑक्साइडची घनता ०.२९ ग्रॅमवर, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहून खाली येते. घनता घटली की विरघळवण्याची क्षमता घटते आणि फिरवावयाच्या वायूचे प्रमाण वाढते. थोडक्यात, भरपूर इथेनॉल घेणारी स्थिती शुद्धता देत नाही आणि शुद्धता देणारी स्थिती भरपूर इथेनॉल घेत नाही. म्हणून "ॲझिओट्रोप ओलांडता येतो" आणि "येत नाही" ही दोन्ही विधाने आपापल्या तापमान-दाबाला खरी असतात. स्थिती न सांगता केलेले विधान मात्र निरर्थक ठरते.

८. ही पद्धत कोठे उपयोगी पडते?

इंधनाच्या क्षेत्रात मागे पडलेले हे तंत्र इतरत्र मात्र आपली जागा मिळवून आहे. सगळीकडे निर्णायक ठरतो तो वितरण गुणांकच.

पहिले उदाहरण मद्यार्क काढून टाकलेल्या पेयांचे. आरोग्यासाठी असो वा श्रद्धेपोटी, ज्यांना मद्यार्क वर्ज्य आहे किंवा कमी हवा आहे अशांसाठी जगभर अशी पेये तयार होतात. साध्या ऊर्ध्वपातनात मद्यार्काबरोबर सुगंधही निघून जातो. फळांचा व फुलांचा गंध देणारे एस्टर मात्र कार्बन डायऑक्साइडमध्ये इथेनॉलपेक्षा कितीतरी सहज जातात. म्हणून थोडासाच वायू वापरून आधी सुगंध बाजूला काढावा, नंतर कमी दाबाखाली मद्यार्क उडवून लावावा आणि शेवटी सुगंध परत मिसळावा, अशी योजना करता येते. माद्रिद येथील संशोधकांनी २०१० च्या दशकात वाइनवर या दिशेने काम केले. येथे इथेनॉलचा वितरण गुणांक कमी असणे हा दोष राहत नाही, तोच गुण ठरतो. वितरण कोणत्याही गुणांकाने झाले तरी काही अंश मागे राहतोच, हेही येथे सांगावे. 'शून्य' हे रसायनशास्त्रात मोजमापाच्या मर्यादेचे नाव आहे.

दुसरे उदाहरण पाण्याचा अडसर नसलेल्या ठिकाणचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाचा नाजूक जैविक नमुना हवेत सुकवला तर पृष्ठताणामुळे चुरगळतो. १९५१ मध्ये टॉमस अँडरसन यांनी मांडलेल्या पद्धतीत नमुन्यातील पाण्याच्या जागी आधी मद्यार्कासारखा द्रव आणतात आणि अखेरीस त्याची जागा द्रवरूप कार्बन डायऑक्साइडला देतात. मग तापमान क्रांतिक बिंदूच्या वर नेऊन दाब हळूहळू सोडतात. द्रव-वायू पृष्ठभाग कधी निर्माणच होत नाही, त्यामुळे नमुना जसाच्या तसा राहतो. एरोजेल नावाचा अतिशय हलका घन पदार्थही आज याच रीतीने जेलमधील मद्यार्क काढून तयार करतात. पाणी जवळपास नसल्याने येथे इथेनॉल कार्बन डायऑक्साइडशी मनमोकळेपणे एकजीव होते.

९. वर्गात शिकवताना

अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग सामान्य महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करू नये. बंद नळीत कोरडा बर्फ घालून तो वितळवण्याचे प्रयोग पाहण्यात येतात. नळी फुटल्यास काचेचे तुकडे गोळीसारखे उडतात. शिवाय हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो व गुदमरण्याचा धोका संभवतो.

त्याऐवजी 'तिसऱ्याच्या प्रवेशाने दोघांचे बिघडते' हे तत्त्व दाखवणारा सोपा प्रयोग करता येतो. परीक्षानळीत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळावे. दोन थेंब खाद्यरंग घालावा व साधे मीठ भरपूर घालून हलवावे. थोड्या वेळात दोन थर दिसतात. मिठाचे आयन पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती गोळा करतात आणि अल्कोहोल बाहेर ढकलले जाते. इथेनॉलसाठी मिठाऐवजी पोटॅशियम कार्बोनेट वापरावे. दाबाखालील वायूही काही जलीय द्रावणांचे असेच दोन थर करू शकतो, हे १९५९ मध्ये एल्गिन आणि वाइनस्टॉक यांनी एथिलीन वायू वापरून दाखवले होते. प्रयोग करताना जवळपास ज्योत नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

या प्रयोगानंतर सहाव्या विभागातील हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. वितरण गुणांक ०.१ ऐवजी ०.५ किंवा १ असता तर काय झाले असते? वॉशमध्ये १० ऐवजी ३ टक्केच इथेनॉल असते तर? या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी स्वतः काढली की विद्रावकाची निवड कशावर ठरते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१०. समारोप

अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने पाण्यातून इथेनॉल वेगळे करता येते, योग्य तापमान व दाब निवडल्यास ॲझिओट्रोपच्या पलीकडेही जाता येते. यात शास्त्रीय शंका उरलेली नाही. परंतु सौम्य द्रावणातून इथेनॉल खेचण्याची या विद्रावकाची शक्ती दुबळी आहे. त्यामुळे प्रचंड प्रमाणात वायू दाबून फिरवावा लागतो आणि ऊर्ध्वपातन व रेणूंची चाळण या जोडगोळीपुढे इंधनाच्या बाजारात ही पद्धत टिकत नाही. जेथे सुगंध जपायचा असतो किंवा नाजूक रचना न चुरगळता सुकवायची असते, तेथे हेच तंत्र उपयोगी पडते.

नव्या तंत्राची ओळख करून देताना आपण शिक्षक बहुधा त्याचे गुण सांगतो आणि थांबतो. मग विद्यार्थ्याची अशी समजूत होते की चांगले तंत्र वापरात नसेल तर त्यामागे कोणाचा तरी आळस किंवा स्वार्थ असला पाहिजे. खरे कारण पुष्कळदा ०.१ सारख्या एखाद्या साध्या आकड्यात दडलेले असते. तो आकडा शोधण्याची आणि त्यावरून स्वतः हिशेब मांडून पाहण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर हा धडा सार्थकी लागला असे म्हणता येईल.